पडद्यामागून गाणार नाही

ऑर्केस्ट्रात जन्म घालवलेल्या बाईला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. “ती सगळी दुसऱ्यांची गाणी झाली हो. तुमचं स्वतःचं गाणं कुठलं?” विचारणारा बहुधा बऱ्यापैकी शिकलेला असतो आणि विचारताना थोडं हसतो. पूर्वी मी गप्प बसायचे. आता बसत नाही. आता मीच उलट विचारते, “तुम्ही सकाळी चहाबरोबर पाव खाल्लात, तो पाववाल्या पोदेराने दारात आणून दिला म्हणूनच ना? की भट्टीवर गेला होतात?” गाणं मुंबईत बनत असेल. पण पेडण्यात आणि डिचोलीत, जिथे अख्ख्या वाड्यात मिळून एक रेडिओ होता, तिथे ते माणसांपुढे उभं राहून, घाम गाळून, ‘वन्स मोअर’ झेलून कुणी गायलं? आम्ही गायलं. त्यात लाज वाटण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही.

मी पेडणे तालुक्यातल्या धारगळची. हमरस्त्याला लागून बाबांचं किराणा दुकान होतं. गोवा मुक्त झाला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर थोड्याच काळात बाबांनी दुकानात रेडिओ आणला, तो गिऱ्हाइकं थांबावीत म्हणून. गिऱ्हाइकं थांबली की नाही ठाऊक नाही, मी मात्र थांबले. तांदळाच्या पोत्यावर बसून मी गाणी पकडायची. ‘पकडायची’ हाच शब्द बरोबर आहे. रेडिओवरचं गाणं कुणासाठी थांबत नाही. पहिल्यांदा ऐकताना मुखडा हाती लागायचा, पुन्हा कधी लागलं तर अंतरा. मधले जे शब्द कळायचे नाहीत तिथे मी माझे घालायची. एका अतिशय गाजलेल्या विरहगीतात मी प्रियकराला चक्क ‘बैला’ अशी हाक मारत होते. खरा शब्द निराळाच होता. पुढे कित्येक जत्रांत मी ते तसंच गायले. कुणी हरकत घेतली नाही. बहुतेकींना ते पटलंच असावं.

डिचोलीच्या बाजारात नानांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. नाना अकॉर्डियन वाजवायचे आणि त्यांनी एक ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यांना गाणारी मुलगी हवी होती. माझा थोरला भाऊ मला घेऊन गेला. दुकानात सायकलींच्या मधोमध बाकावर पेटी ठेवलेली. शेजारी एक उंच, सडसडीत माणूस ट्रम्पेट पुसत बसला होता. तो कायतान. चर्चच्या शाळेत मुलांना संगीत शिकवणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात. कायतान त्यातला, म्हणून सगळे त्याला कायतान मेस्त म्हणायचे.

“पट्टी खंयची तुजी?” नानांनी विचारलं.

पट्टी म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. बाहेरच्यांसाठी सांगते. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सुरांच्या पट्ट्या असतात. ज्या पट्टीला ‘सा’ मानून तुमचा गळा खाली-वर आरामात फिरतो, ती तुमची पट्टी. बायकांची साधारण काळी चार, काळी पाच. पुरुषांची त्याहून बरीच खाली. नानांनी मला काळी चारवर गायला लावलं, तर अंतऱ्यात माझा आवाज फाटला. मग एकेक पट्टी खाली उतरत ते काळी एकवर आले आणि तिथे माझा गळा मोकळा झाला, घमेल्यात पाणी ओतावं तसा.

नानांनी पेटीवरचा हात काढला. “आवाज सुरांत आसा. पूण ही दादल्याची पट्टी, गो.”

कायतान मेस्तने मान वर न करता म्हटलं, “नाना, पट्टी बायलेची काय दादल्याची, तें पेटयेक कळटा व्हय?”

मला ठेवून घेतलं गेलं ते त्या एका वाक्यावर.

पण ठेवून घेणं वेगळं आणि मानणं वेगळं. त्या काळी गाजणारी बायकांची गाणी म्हणजे रेशमाच्या धाग्यासारखी बारीक, उंच. लोकांना ती ‘रेकॉर्डसारखी’ हवी असायची. ऑर्केस्ट्राच्या धंद्यात हा शब्द म्हणजे कायदा. गाणं चांगलं झालं की नाही हे नंतर, आधी ते रेकॉर्डसारखं झालं का? नाना मला उंच पट्टीत ढकलायचे. एका शिगम्याच्या कार्यक्रमात मी त्या वर्षीचं सगळ्यांत गाजलेलं गाणं त्यांच्या पट्टीत घेतलं आणि शेवटच्या तानेला आवाज असा चिरकला की पुढच्या रांगेतलं एक मूल दचकून रडायला लागलं. माणसं हसली. मी मायकापासून बाजूला झाले आणि सगळ्यांदेखत नानांना म्हणाले, “हेच गाणं परत घेऊया. माझ्या पट्टीत.”

“रेकॉर्डसारखं जावचें ना.”

“नाही होणार. माझ्यासारखं होईल.”

नाना अकॉर्डियनवर बोटं शोधत बसले, कारण त्या पट्टीत त्यांनी ते गाणं कधी वाजवलंच नव्हतं. शेवटी कायतान मेस्तने ट्रम्पेटवर सुरुवातीचा तुकडा खाली उतरवून वाजवला आणि मी उभी राहिले. तेच गाणं, जे ऐकून पोरी लाजायच्या, ते माझ्या गळ्यात आल्यावर एखाद्या भोगलेल्या बाईचं झालं. हसणारे ऐकू लागले. वन्स मोअर आला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर मी परक्या पट्टीत गायले नाही. ‘ही पुरुषी आवाजाची बाई’ म्हणून काही समित्यांनी आमचे कार्यक्रम नाकारले. नाकारू देत. नाना कुरकुरत कुरकुरत सगळी गाणी काळी एकमध्ये वाजवायला शिकले.

चमत्कारिक गिऱ्हाइकं तर विचारू नका. एकाची गोष्ट सांगते. मोपाच्या पठारावर तेव्हा काजू, करवंदं आणि वारा, एवढंच होतं. आता तिथे विमानं उतरतात. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नवं घर बांधलं आणि वास्तूला आख्खा ऑर्केस्ट्रा बोलावला. वीज नव्हती. जनरेटर बैलगाडीतून चढवला. कार्यक्रम सुरू झाला तशी म्हाताऱ्याने फर्माईश केली. “माझा आवडीचा एक गाणा आसा. त्याच्यासाठीच तुमका बोलयलंय.”

“कुठलं गाणं, बाबा?”

“नाव नाय माहीत. असा जाता...” आणि तो गुणगुणायला लागला.

आम्ही सगळे ओळखण्यात पटाईत. पण हे काही सापडेना. नाना एक गाणं वाजवायचे, तो मान हलवायचा. कायतान दुसरं वाजवायचा, तो आणखी जोरात मान हलवायचा. मी आठवतील तेवढे मुखडे म्हणून पाहिले. पाहुणे कंटाळले, म्हाताऱ्याची सून पदराआड हसायला लागली. शेवटी म्हातारा चिडून म्हणाला, “अरे, रेडिओर रोज लागता! त्या गाण्यात दात घासतत!”

दंतमंजनाची जाहिरात होती ती.

नानांना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. माणसाला आवडलेली चाल. ती आठ ओळींची असो की दोन ओळींची, गाजलेली कशाला म्हणायचं ते त्याने ठरवायचं. मी मायकाजवळ गेले आणि ती जाहिरात गायले, पूर्ण ताकदीने. कायतानने मागे असा काही ट्रम्पेट वाजवला की जणू सिनेमाचं शीर्षकगीत. शेवटी निवेदक बोलतो ते बोलसुद्धा मी म्हटले. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं आणि हात वर केला. वन्स मोअर! तीच जाहिरात आम्ही पुन्हा पुन्हा गायली आणि अख्खी वास्तुशांत दात घासत नाचली.

मग जग फिरलं. सिनेमात डिस्को आला. नाचाची गाणी जाड, घोगऱ्या, बेदरकार आवाजाच्या बाया गाऊ लागल्या आणि ज्या समित्यांनी मला ‘पुरुषी’ म्हटलं होतं, त्याच सायकलच्या दुकानात येऊन विचारू लागल्या, “ती जाडो आवाजवाली बाय आसा न्हय? तिका घेवन यो.” मी तीच होते. आवाज तोच होता. लोकांचे कान बदलले होते.

त्याच वर्षांत कॅसेट आली. खाणींवरून खनिज नेणारे ट्रक दिवसभर डिचोलीच्या रस्त्यांवर धावायचे. तांबडी धूळ इतकी की कार्यक्रमानंतर मायकाची जाळी फुंकली तर नाकातोंडात जायची. ट्रकवाले आमच्या कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर घेऊन येत आणि कर्ण्याखाली ठेवून देत. एकदा सर्वणला मी भावाच्या मित्राकडे चालले होते. रस्त्याच्या कडेने ट्रकांची रांग. पहिला ट्रक गेला, आतून गाणं वाजत होतं. दुसरा गेला, तेच गाणं. मला वाटलं, काय गाजतंय हे गाणं! तिसरा जवळ येऊन चढावर मंद झाला तेव्हा ओळखलं. गात मी होते. मागे नानांचा खोकलासुद्धा ऐकू येत होता. मी धुळीत उभी राहून ते आख्खं ऐकलं. मुंबईच्या कुठल्याही कंपनीने माझी रेकॉर्ड काढली नाही, याचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण सर्वणच्या चढावर मी गाजलेली होते आणि त्याला पुरावा म्हणून नानांचा खोकला आहे.

त्यातलाच एक टेपवाला म्हणजे दत्ताराम. बांद्याचा, खाणीवर मशीन चालवायचा. प्रत्येक कार्यक्रमाला पुढे येऊन बसायचा आणि एकही शब्द बोलायचा नाही. असं करत करत एक दिवस त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, “मी गाणं सोडणार नाही.” तो म्हणाला, “सोडू नको. सोडलंस तर मी काय ऐकू?”

त्याच्या आईला हे मान्य नव्हतं. “स्टेजार नाचणाऱ्यांच्या पुढ्यात गाणारी बाई घरात हाडतलंस?” ती म्हणाली, माझ्यादेखतच. मी म्हटलं, “आई, मी घरात येणार ते सून म्हणून. स्टेजवर गाणार ते मालती म्हणून. तुम्हाला स्टेजवरची बघायची नसेल तर बघू नका.” तिने ते शब्दशः पाळलं. शेवटपर्यंत ती माझ्या हातचं जेवली, माझ्या बाळंतपणात तिने माझं सगळं केलं, मुलीला सांभाळलं म्हणून मी जत्रांना जाऊ शकले. पण माझं गाणं एकदाही ऐकलं नाही. मी घरात गुणगुणले तरी उठून विहिरीवर जायची. दोघी आपापल्या जागी ठाम राहिलो आणि आमचं उत्तम चाललं.

ज्याला मी आमच्या धंद्यावरचं खरं संकट म्हणेन ते आलं ते कीबोर्डच्या रूपाने. एका यंत्रात व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, सगळं. नानांनी आणला आणि पुढच्याच तालमीला बासरीवाला घरी बसला, मग व्हायोलिनवाले. नंतर नाना कायतानकडे बघून काहीतरी बोलायला लागले. “मेस्ता, आतां ह्या बटनार ट्रम्पेट पण वाजता...”

कायतानने ट्रम्पेट पेटीत ठेवायला घेतला. तो भांडणारा माणूस नव्हता.

मी म्हणाले, “नाना, ते बटण दाबा.”

त्यांनी दाबलं. आला आवाज, रबराच्या बाहुलीसारखा.

“हा आवाज श्वास घेतो का?” मी विचारलं. “मी अंतऱ्यात दम घ्यायला थांबते तेव्हा मेस्त माझ्यासाठी एक सूर लांबवतो. तुमचं बटण लांबवेल?”

“तुका बटन जाय ना तर...”

“तर मेस्त राहील. नाहीतर मीही घरी बसते. मग बटण दाबून मालती वाजवा.”

नाना आठवडाभर माझ्यावर कुरकुरले. पण कायतान राहिला. आसपासच्या तालुक्यांत कीबोर्डवर चालणारे गट झाले, तरी आमच्याकडे खरा ट्रम्पेट होता. त्याचं ओझं नानांना वाटायचं आणि अभिमानही. जाहिरातीच्या फलकावर ते न चुकता लिहायचे, ‘ट्रम्पेटसह’.

आणि आता ती संध्याकाळ सांगते, जिच्यासाठी संपादकांनी मला हा लेख लिहायला लावला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. डिचोलीपासून फार लांब नाही, एवढंच.

तेव्हा जुन्या गाण्यांना नवा ठेका लावून त्यांच्या चित्रफिती काढायचं खूळ आलं होतं. सीडीची दुकानं गल्लोगल्ली. त्यातल्या एका गाण्याने त्या वर्षी सगळ्यांना वेड लावलं होतं आणि त्या चित्रफितीत नाचणारी मुलगी घराघरात पोचली होती. या गावच्या समितीने तिलाच मुंबईहून बोलावलं. फलकावर तिचा हा एवढा फोटो, खाली ‘सुप्रसिद्ध गायिका’. अगदी खाली बारीक अक्षरात आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव, कारण पाहुणी येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायला कुणीतरी हवं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. अध्यक्षांनी आधीच बजावलं, “ताईंचं गाणं तुम्ही गायचं नाही हां. ते त्याच गाणार.”

आम्ही आमचं गाऊन पडद्यामागे आलो. ती आली. टाळ्या, शिट्ट्या, मैदान उसळलं. सीडी लागली, ती नाचत तोंड हलवायला लागली. बरं नाचत होती, खोटं कशाला बोलू. आणि अंतऱ्यात सीडी अडकली. ‘ये-ये-ये-ये-ये’ एवढंच कर्ण्यांतून येत राहिलं. तिने तोंड मिटलं तरी आवाज थांबेना. आधी हशा झाला, मग आरडाओरडा. साउंडवाल्याने सीडी काढून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा ‘ये-ये-ये’. कुणीतरी नारळाची करवंटी स्टेजवर फेकली. पडदा पडला.

अध्यक्ष आत धावत आले. शर्ट घामाने भिजलेला. “मालतीबाय, तुमी तें गाणें बसयलां न्हय?”

“बसवलंय.”

“तर मग गायात. हांगा, पडद्याफाटल्यान. मायक दितां. ताई फुडें नाचतल्यो, तोंड हालयतल्यो. कोणाक कळचें ना.”

“मी गाईन,” मी म्हटलं. “पण पुढे उभी राहून.”

“लोकांनी ताईंना बघायला तिकडे गर्दी केलीय!” ते आता मराठीत आले, रागावले की ते मराठीत येत. “फोटो तिचा लावलाय. तुम्ही पुढे उभ्या राहिलात तर सगळं उघडं पडेल. समितीची अब्रू जाईल.”

“तुमची अब्रू पडद्यापुढे आणि माझा आवाज पडद्यामागे? असं नाही होणार.”

“बघा हां. ह्या भागात परत एक जत्रा मिळणार नाही तुम्हाला.”

नानांनी माझा हात धरला. ते आता थकले होते. “गाय गो फाटल्यान. आवाज तोच न्हय? लोकांक पावलो म्हणजे जालें.”

नानांचं ते बोलणं मला लागलं, कारण ते मनापासून होतं. आणि बाहेर माणसं खुर्च्या आपटत होती, ते खरंच होतं. आम्ही सगळे त्या जत्रांवर जगत होतो, तेही खरं होतं. क्षणभर मला वाटलं, गाऊन टाकावं. मग माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी आली. म्हणजे खरोखरच समोर आली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, ती उठून आली. जवळून बघितली तर माझ्या मुलीच्या वयाची. डोळ्यांतलं काजळ ओघळलेलं.

“मावशी,” ती म्हणाली, “तो आवाज माझा नाहीच. चित्रफितीतसुद्धा नाही. तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. तिचं नावही मला कुणी सांगितलं नाही. मला फक्त नाचता येतं.”

“मग नाच,” मी म्हटलं. “नाचायला कमी लागतं का काही? पण तोंड मीट आणि नाच. गाणं मी पुढे उभी राहून म्हणते.”

“तोंड मिटून?” तिने विचारलं आणि एकदम हसली. “चालेल. तोंड हलवत नाचलं की दम लागतो हो!”

अध्यक्ष म्हणाले, “अजिबात नाही.”

ते आणखीही बोलले असते. पण तेवढ्यात बाहेरून ट्रम्पेट ऐकू आला. आमच्या वादात कायतान मेस्त कधी उठून गेला ते कुणाला कळलंच नव्हतं. पडद्याच्या फटीतून तो एकटा पुढे जाऊन उभा राहिला होता आणि त्या गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा वाजवत होता. सीडीवरच्या पट्टीत नाही. काळी एकमध्ये.

त्यानंतर मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. मी पडदा हाताने सारला आणि गेले.

मैदान थबकलं. साडी नेसलेली, पिकल्या केसांची, जाडजूड बाई. एक पोरगा ओरडला, “म्हातारी आली रे!” मी त्याच्याकडे बघूनच मुखडा उचलला. ते गाणं मूळचं माझ्या तरुणपणातलं होतं. नव्या ठेक्याखाली त्यांनी ते पुरून टाकलं होतं. ते मी वर काढलं. नाना मागून अकॉर्डियन घेऊन आलेच, कीबोर्ड सोडून. आणि दुसऱ्या कडव्याला ती मुलगी आली. ओठ घट्ट मिटलेले, हात मोकळे. अशी नाचली की चित्रफितीत नाचली नसेल. तिच्या घुंगरांवर मी दम घेत होते आणि माझ्या दमावर मेस्त सूर लांबवत होता. मघाचा तो पोरगा खुर्चीवर चढून शिट्ट्या वाजवत होता.

गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे येऊन कानात विचारलं, “मावशी, नाव काय तुमचं?” मी सांगितलं. त्या गोंगाटात तिला काय ऐकू आलं देव जाणे. तिने मायक घेतला आणि जाहीर केलं, “हा आवाज आहे भारतीताईंचा!”

मैदानातून एक आवाज आला, “मालती!” मग दुसरा. मग अख्खं मैदान. ट्रकवाले, त्यांच्या बायका, ज्यांच्या बारशाला मी गायले ती आता बाप झालेली पोरं, सगळे तिला दुरुस्त करत ओरडत होते. “मालती! मालती!” ती मुलगी कानाला हात लावून माफी मागत हसत होती. मी नमस्कार केला. रडले नाही. रडण्यासारखं काय होतं त्यात? नाव माझंच होतं.

अध्यक्षांनी शब्द पाळला. त्या भागातल्या जत्रा आम्हाला बंद झाल्या. नाना टेम्पोत परतताना म्हणाले, “ताटांतलें गेलें, गो.” आणि थोड्या वेळाने, “पूण गायलें बरें.” दोन्ही खरं होतं. पेडण्याच्या गावांनी सांभाळून घेतलं, म्हणून आम्ही टिकलो. नानांनंतर ऑर्केस्ट्रा मी चालवला. कायतान मेस्तचे पुढचे दात पडले, तेव्हा त्याने ट्रम्पेट खाली ठेवला. ट्रम्पेट दातांवर उभा असतो, कवळीवर तो राहत नाही. कुठल्याही बटणाने त्याला हटवलं नाही, याचा मला माझ्या सगळ्या वन्स मोअरपेक्षा जास्त अभिमान आहे.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच वर्षी त्या समितीचा माणूस निरोप घेऊन आला होता. पाहुणी परवडत नाही, तुम्ही या म्हणून. मी म्हटलं, येते, फलकावर माझं नाव घाला. त्यांच्यात बैठक झाली आणि उत्तर आलं, बाईचं नाव घालायची आमच्याकडे पद्धत नाही. मोठा फोटो चालतो, नाव चालत नाही! मी गेले नाही. त्यांनी डीजे ठरवला.

डीजे होता त्याच संध्याकाळी, त्या मैदानालगतच्या शेताच्या अलीकडच्या वाड्यावरच्या लोकांनी आम्हाला बोलावलं. छोटासा मांडव, पताका, आणि बाहेर खडूने फळ्यावर लिहिलेलं, ‘मालती गाणार’. दत्ताराम खाणीवरून सुटून आला होता. तो कर्णे बांधत होता, नेहमीसारखा न बोलता. मी बघितलं तर दोन्ही कर्ण्यांची तोंडं आमच्या मांडवाकडे नव्हतीच, शेतापलीकडे त्या गावाच्या मैदानाकडे होती.

“अहो, कर्णे तिकडे कशाला?”

“वारो तिकडसून येता,” तो तारेला गाठ मारत म्हणाला. “आवाजाक वाऱ्याच्या विरोधात जाऊचा आसा.”

मी गायला सुरुवात केली. पलीकडून डीजेचा धडधडाट येत होता, अलीकडून मी जात होते. तिसऱ्या गाण्याला बांधावरून माणसं येताना दिसली. आधी दोघं-चौघं, मग बायका, मग रांगच. आमच्या मांडवात बसायला जागा नव्हती, हे त्यांना ठाऊक असावं. येताना प्रत्येकाने डोक्यावर एकेक खुर्ची आणली होती आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्या समितीचं नाव रंगवलेलं होतं.